घरांतील ओल आणि तिचा बंदोबस्त

आषाढाची झड लागून आठदहा दिवस झाले, कीं कोंकणपट्टींतील बहुतेक घरांत तीं तींच लक्षणें दिसूं लागतात. मिठाच्या बरणींत पाणी सुटतें, पापड मऊ पडतात, कपाट उघडतांच कुबट वास येतो, चामड्याच्या जोड्यांवर पांढुरकी लव चढते आणि फाल्गुनांत बोटानें लोटलें जाणारें दार खांदा लावल्याखेरीज मिटत नाहीं. हीं सारीं लक्षणें आपल्या इतकीं अंगवळणीं पडलेलीं आहेत, कीं पावसाळ्यांत घर ओलें व्हावयाचेंच, असें आपण गृहीत धरून चालतों. मीठ बदलतां येतें, पापड पुन्हां भाजतां येतात. त्यांचें विशेष कांहीं नाहीं. परंतु पणजोबांच्या हातची पोथी एकदां बुरशीनें खाल्ली म्हणजे ती पुन्हां मिळत नाहीं. आजीच्या लग्नांतील पैठणीवर उठलेले डाग कोणत्याहि परटास काढतां येत नाहींत. आणि घरांत दम्याचें माणूस असेल, तर त्याचे श्रावण-भाद्रपद कसे जातात, हें त्या घरच्या मंडळींसच ठाऊक.

शेवटची गोष्ट केवळ समजुतीची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी ह्या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांत खोकला, धाप आणि दमा ह्यांचें प्रमाण अधिक आढळतें, असा तिचा निष्कर्ष आहे. बुरशीचें अमुक इतकें प्रमाण निर्धोक, अशी मर्यादा मात्र त्या मार्गदर्शिकेंत घातलेली नाहीं. ओलच होऊं देऊं नये आणि झालेली लौकर दूर करावी, एवढेंच तिनें सांगितलें आहे.

आतां ती दूर कशी करावी? ह्यावर सर्वत्र मिळणारा सल्ला एकच: खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. हा सल्ला वाईट नाहीं; पण तो अर्धा आहे, आणि ज्या थंड देशांतील पुस्तकांतून तो आपल्याकडे आला, त्या देशांतच तो पुरतेपणीं खरा आहे. हें म्हणणें कित्येक वाचकांस विपरीत वाटेल, म्हणून त्याचा हिशेब थोडा विस्तारानें मांडणें जरूर आहे.

हवेची वाफ सामावून घेण्याची शक्ति तिच्या उष्णतामानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सिअस उष्णतेची एक घनमीटर हवा फार तर ३० ग्रॅम वाफ बाळगूं शकते. २० अंशांची हवा सुमारें १७ ग्रॅम. आणि शून्य अंशाची हवा ५ ग्रॅमांहूनहि कमी. आपण ‘हवेची आर्द्रता शेंकडा ८०’ म्हणतों, त्याचा अर्थ एवढाच कीं, त्या उष्णतामानास जितकी वाफ मावावी, तिचे शंभर भाग धरले तर त्यांतले ऐंशी भाग भरलेले आहेत. लंडनमध्यें किंवा टोरांटोस हिंवाळ्यांत बाहेरची शून्य अंशाची हवा वाफेनें ठेचून भरलेली असली, तरी तिच्यांत पाणी पांच ग्रॅमांच्या आंतच. ती हवा खिडकींतून घरांत आली आणि तेथील शेगड्यांनीं २० अंशांपर्यंत तापली, म्हणजे १७ ग्रॅमांच्या जागेंत पांच ग्रॅम! आर्द्रता शेंकडा तिसांच्याहि खालीं येते. तेथें दहा मिनिटें खिडकी उघडणें म्हणजे घर पिळून वाळत घालणेंच होय. परदेशीं राहणाऱ्या आपल्या मुलांसुनांनीं थंडीच्या भीतीनें खिडक्या बंद करून आंतच कपडे वाळविले आणि मग भिंतीच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरली, तर त्यांस हा उपाय अवश्य सांगावा.

आपल्याकडे रत्नागिरीस किंवा ठाण्यास जुलै महिन्यांत काय होतें तें पाहा. बाहेरची हवा सुमारें २८ अंशांची, आर्द्रता शेंकडा ८५ किंवा ९०. म्हणजे दर घनमीटरास २३-२४ ग्रॅम पाणी. घरांतील उष्णतामान बाहेरच्यासारखेंच. घर तापविण्याचा प्रश्नच नाहीं. अशी हवा खिडकींतून कितीहि खेळविली, तरी घर फार तर बाहेरच्याइतकें कोरडें होईल. त्याहून कोरडें होणें शक्य नाहीं. शिवाय चार दिवसांच्या संततधारेनें फरशी व दगडी भिंती गार पडलेल्या असतांना उघडीप होऊन गरम, दमट हवा एकदम आंत आली, तर ती गार फरशीवर पाणी टाकते. फरशीला घाम सुटला म्हणून घरांतील वडील माणसें म्हणतात, तो हाच. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जें पाणी सुटतें, त्याचें व ह्या घामाचें कारण एकच आहे.

तर मग खिडक्या उघडाव्यात कीं नाहीं? उघडाव्यात, परंतु आंतली हवा बाहेरच्याहून अधिक ओली असेल तेव्हां, आणि ती जेथें ओली होते तेथें. हें कोठें व किती होतें, ह्याचा अंदाज पुष्कळांस नसतो. स्वयंपाकाचा गॅस जळतांना त्यांतून पाणी तयार होतें, ही गोष्ट शाळेंत शिकूनहि आपण विसरतों. एक किलो गॅस जळला कीं दीड किलोहून थोडें अधिक पाणी वाफेच्या रूपानें हवेंत जातें, १४.२ किलोचें एक सिलिंडर संपतांना सुमारें बावीस लिटर! त्यांत भाताची, वरणाची, चहाची वाफ धरलेलीच नाहीं. दहा माणसांच्या घरांतील धुणें आंतल्या दोऱ्यांवर वाळविलें, तर यंत्रांत पिळून काढलेल्या एकेका घाण्यांतून दोन-अडीच लिटर पाणी घरांत उडतें. हातानें पिळलेल्यांतून त्याहून बरेंच जास्त. आतां ह्याच्याशेजारीं दुसरा आंकडा ठेवा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलींतील सगळ्या हवेंत, वर सांगितलेल्या पावसाळी आर्द्रतेला, एकूण पाणी असतें पाऊण लिटरच्या आसपास. त्या खोलींत दोन लिटर पाण्याचें धुणें टांगल्यावर काय व्हावयाचें, हें निराळें सांगण्याची जरुरी नाहीं.

म्हणून पावसाळ्यांत खिडकीची खरी जागा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कपडे वाळविण्याची खोली ही आहे. तेथें एक्झॉस्ट पंखा असावा आणि तो स्वयंपाक अथवा स्नान आटोपल्यावरहि पंधरावीस मिनिटें चालू ठेवावा. पंखा चालू असतांना त्या खोलीचें माजघराकडील दार ओढून घ्यावें. पातेल्यांवर झांकणें ठेवावीं. त्यानें गॅसहि वांचतो. धुणें शक्यतों पडवींत, गॅलरींत, नाहींतर एकाच खोलींत वरचा पंखा लावून व खिडकी उघडून वाळवावें. सगळ्या घरभर दोऱ्या बांधूं नयेत. जुन्या घरांतून सोवळें अगदीं आढ्याजवळच्या उंच वलणीवर काठीनें टाकीत. हेतु स्पर्श टाळण्याचा असे, पण गरम हवा वर जमते ह्याचा फायदा त्या कपड्यांस आपोआप मिळे.

हा झाला हवेंतील ओलीचा विचार. परंतु भिंतीवरची प्रत्येक ओल हवेंतून आलेली नसते, आणि निदान चुकलें तर औषध वायां जातें. जमिनींतून चढणारी ओल, पावसानें बाहेरून झिरपणारी ओल आणि हवेंतील वाफ गार पृष्ठभागावर बसून होणारी ओल, ह्या तिन्हींचें रूप प्रथमदर्शनीं सारखेंच. त्यांची पारख करण्याची एक सोपी रीत आहे. ओल्या जागेवरचें पाणी कोरड्या फडक्यानें पुसून तेथें फूटभर लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा आणि चारी कडा चिकटपट्टीनें घट्ट लावून टाकाव्यात. दोन दिवसांनीं पाहावें. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगास दंव जमलें असेल, तर ओल हवेची. आंतल्या, म्हणजे भिंतीकडच्या, अंगास पाण्याचे थेंब असतील, तर ओल भिंतींतूनच येत आहे. मग खिडक्या उघडा, यंत्रें लावा, ती जाणार नाहीं.

भिंतींतून येणारी ओल जमिनींतून चढत असेल, तर ती बहुधा जमिनीपासून दोनतीन फुटांपर्यंत एका वेड्यावांकड्या रेघेनें थांबते, आणि त्या रेघेपाशीं पांढरा, खारट भुगा फुटतो. ह्यास लोणा लागणें म्हणतात. जमिनींतील क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जातें, क्षार मागें राहून त्यांचे स्फटिक होतात आणि ते फुगून गिलाव्याचे पोपडे काढतात. पावसाची ओल मात्र खिडकीच्या सज्जापाशीं, गच्चीच्या कोपऱ्यांत, पन्हळीच्या सांध्याखालीं अशी जागा धरून असते आणि सर आल्यावर कांहीं तासांत वाढते. तिचा उपाय बाहेरून करावयाचा असतो: पन्हळ, भेग, गच्चीचा उतार. आंतून लावलेला कोणताहि लेप हा फार तर पडदा.

जमिनीच्या ओलीविषयीं कोंकणांतल्या जुन्या गवंड्यांस पुष्कळ कळत होतें. घराचें जोतें उंच बांधीत. कौलांच्या वळचणी चांगल्या हातभर बाहेर काढीत, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. भोंवती पडवी ठेवीत. आणि मृगापूर्वीं नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप झडीच्या बाजूच्या भिंतींस बांधीत. जांभा दगड पाणी पितो हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून त्याला पाणी लागूंच नये, अशी ही योजना होती. लागलेलें पाणी पुन्हां बाहेर पडावें म्हणून गिलावा चुन्याचा. आढ्यापर्यंत जाणारा चुलीचा धूर व ऊब लांकडास कोरडें ठेवीत असे, हेंहि खरें. परंतु त्या धुरानें घरांतील बायकांच्या डोळ्यांची व छातीची जी दशा होई, ती आठवली म्हणजे चुलीचे गोडवे गाण्याचें धैर्य निदान मला तरी होत नाहीं.

चुन्याची गोष्ट मात्र निराळी. चुन्याच्या गिलाव्यांतून वाफ सावकाश आरपार जाऊं शकते. सिमेंटच्या गिलाव्यांतून फार कमी, आणि वर प्लॅस्टिक रंग दिला कीं जवळजवळ नाहींच. माझ्या परिचयांतील एका कुटुंबानें आपलें जुनें जांभ्याचें घर एकदां आंतून-बाहेरून सिमेंटनें लिंपून काढलें. घर कसें नवें दिसूं लागलें! दुसऱ्याच पावसाळ्यांत गुडघाभर उंचीवर असलेली ओलीची रेघ कमरेपर्यंत आली. खालून चढणारें पाणी पूर्वीं वाटेंतच भिंतीबाहेर उडून जाई. ती वाट बुजल्यावर तें वर चढलें. पुढें त्यांनीं खालच्या चार फुटांचें सिमेंट काढून पुन्हां चुना लावला आणि घराभोंवती चर खणून पाणी दूर नेलें, तेव्हां दोन वर्षांत भिंत सुधारली. जुन्या घराची डागडुजी करतांना जुन्याच जातीचा माल वापरावा, हा नियम केवळ शोभेसाठीं नाहीं. नव्या बांधकामांत जोत्याच्या पातळीस ओलरोधक थर घालतात. तो घालतांना मालकानें स्वतः उभें राहून पाहावें, कारण एकदां भिंत चढली कीं तो थर आहे कीं नाहीं हें कोणासच दिसत नाहीं.

येथेंच आपल्या एका आवडत्या रूढीविषयीं बोलणें भाग आहे. गणपति घरीं यावयाचे म्हणून श्रावणांत भिंती रंगविण्याची घाई पुष्कळ घरांत होते. वर्षांतील सगळ्यांत ओली भिंत त्याच सुमारास असते. रंगाची कातडी वर बसते, आंतलें पाणी आंत कोंडतें, आणि दिवाळीपर्यंत त्याच जागीं फुगे येऊन रंग सुटतो. गणपतींपूर्वीं हवा तर चुन्याचा साधा हात द्यावा. रंगाचें काम माघ-फाल्गुनांतलें.

आतां मोजमापाविषयीं. नाकानें व अंगानें आर्द्रता ओळखण्याची आपणांस संवय असते, पण ती फसवी आहे. सोस्यूर ह्या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञानें १७८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मनुष्याच्या केसाचें आर्द्रतामापक वर्णिलें आहे. केस ओलाव्यानें किंचित् लांबतो व कोरडेपणानें आंखडतो, आणि त्या हालचालीनें कांटा फिरतो. हल्लीं थोडक्या किंमतींत आंकडे दाखविणारें विजेरीचें मापक मिळतें; एक घरांत असावें. तें खरें सांगतें कीं नाहीं, हें पाहण्याची युक्ति स्वयंपाकघरांतच आहे. बाटलीच्या एका बुचांत मीठ घेऊन त्यांत चारसहा थेंब पाणी घालावें. मीठ ओलें व्हावें, विरघळून जाऊं नये. तें बूच व मापक हीं दोन्हीं एका घट्ट झांकणाच्या डब्यांत आठदहा तास ठेवावीं. ओल्या मिठावरची बंद हवा शेंकडा ७५ आर्द्रतेस स्थिर होते. मापक जो आंकडा दाखवील, त्यांत व ७५ मध्यें जो फरक, ती त्या मापकाची चूक. कॉलेजांत जाणाऱ्या मुलांस हा प्रयोग करावयास द्यावा.

ह्याच गुणामुळें मिठाची बरणी हेंच एक मापक आहे. शुद्ध मिठास पाणी सुटलें, म्हणजे हवा शेंकडा ७५ च्या वर गेली. खडेमिठास त्याआधींच सुटतें, कारण समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियमचे जे क्षार मिसळलेले असतात, ते फार कमी आर्द्रतेलाच पाणी ओढूं लागतात. आणि ७५ हा आंकडा आपल्या विषयांत मोठ्या कामाचा आहे. कारण साधारणतः त्याच्याच आगेंमागें कागद, कातडें आणि कापड ह्यांवर बुरशी धरूं लागते. आर्द्रता शेंकडा ६० च्या आसपास ठेवतां आली, तर बुरशीचें भय जवळजवळ उरत नाहीं. गाद्यांतील धुळींत राहणारे सूक्ष्म किडे, जे दम्यास कारण होतात, ते हटविण्यास मात्र ५० पर्यंत उतरावें लागतें.

जुलैंत सगळें घर शेंकडा साठावर आणणें हें समुद्रकिनाऱ्यालगतच्या सामान्य गृहस्थास परवडण्यासारखें नाहीं, आणि माझ्या मतें तसा हट्टहि धरूं नये. एक खोली अथवा एक कपाट खरोखर कोरडें राखावें, आणि मोलाचें जें जें आहे तें तेथें न्यावें. हें धोरण एकत्र कुटुंबांत अमलांत आणणें थोडें अवघड जातें, कारण प्रत्येकाचें कपाट त्याच्या खोलींत असतें आणि आपला शालू दुसऱ्याच्या कपाटांत ठेवणें कोणास रुचत नाहीं. पण चार महिन्यांपुरता हा रुसवा बाजूस ठेवणें सर्वांच्याच हिताचें आहे.

ती खोली घराच्या मध्यावर, वरच्या मजल्यावर व बाहेरच्या भिंतीपासून दूर अशी निवडावी. कपाट भिंतीस टेकवूं नये. चार बोटें अंतर सोडावें. डीह्युमिडिफायर म्हणून जें यंत्र मिळतें, तें हवा गार नळ्यांवरून नेऊन तींतील पाणी भांड्यांत उतरवितें. तें चालू असतांना दारें-खिडक्या घट्ट लावलेल्या असल्या पाहिजेत, एरव्हीं भोंक पडलेल्या रांजणांत पाणी भरण्यासारखें होईल. शिवाय पहिल्या दिवशीं आंकडा झपाट्यानें उतरला म्हणून यंत्र बंद करूं नये. पाणी हवेंत थोडेंच असतें. गाद्या, पुस्तकें, लांकूड आणि गिलावा ह्यांत त्याच्या कित्येक पट मुरलेलें असतें, आणि यंत्र थांबतांच तें पुन्हां बाहेर येतें. यंत्र थोडी उष्णता सोडतें, ह्याचा उकाडा वाटतो. म्हणून तें निजण्याच्या खोलीपेक्षां सामानाच्या खोलींत बरें.

ज्यांच्या घरीं एसी आहे, त्यांच्याजवळ हें यंत्र असल्यासारखेंच आहे. किंबहुना एसीचा जन्मच मुळीं ओलीसाठीं झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे आणि एकावर एक छापावयाचे रंग सरकत. ती अडचण दूर करण्यासाठीं १९०२ सालीं विलिस कॅरिअर ह्या तरुण अभियंत्यानें जी योजना केली, तींतून पुढें एसी आला. मात्र खोलीच्या मानानें फार मोठें यंत्र घेतलें, तर तें खोली चटकन् गार करून थांबतें आणि पाणी काढण्यास त्यास वेळच मिळत नाहीं. रात्रभर २०-२१ अंशांवर तें चालविण्याची जी हौस असते, तिचाहि परिणाम शेजारच्या खोलीस भोगावा लागतो. गार पडलेल्या भिंतीच्या पलीकडच्या अंगावर दमट हवेचें पाणी होतें आणि तेथें बुरशी धरते. २६ अंश पुरे.

यंत्रें नकोत त्यांच्यासाठीं जुना घट्ट पत्र्याचा डबा आहेच. त्यांतलें गमक एवढेंच कीं, वस्तु व हवा दोन्ही कोरडीं असतांना डबा बंद व्हावा. पुण्याकडे व वर देशावर हें काम चैत्रांत करावें. कोंकणांत चैत्र-वैशाखाची हवाहि घामट असते, तेथें पौष-माघ बरा. आषाढांत कपाटांतून काढलेली ओलसर साडी प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून ठेवणें म्हणजे बुरशीची पेरणी करणें होय. डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. तें आपल्या वजनाच्या पाव भागाच्या आसपास पाणी ओढतें. मग भट्टींत तापवून पुन्हां वापरतां येतें. रंग पालटणाऱ्या जातींपैकीं निळ्या रंगाचें घेऊं नये, त्यांत कोबाल्टचा क्षार असून तो प्रकृतीस अपायकारक आहे. नारिंगी मिळतें तें घ्यावें. कपाटांत टांगावयाच्या ज्या पिशव्या मिळतात, त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतें. तें पाणी पुष्कळ ओढतें, पण स्वतः विरघळून खालीं साचतें. पिशवी फुटली तर खालच्या रेशमाचा सत्यानाश. म्हणून ती जोड्यांच्या कपाटांत लावावी, साड्यांच्या नव्हे. वेखंड, कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या हे सारे किड्यांवरचे उपाय आहेत. ओलीस त्यांचा कांहीं प्रतिबंध होत नाहीं. उदाच्या धुपानें वास लपतो, एवढेंच.

पूर्वीं छायाचित्रें काढणारे हौशी लोक कपाटाच्या तळाशीं एक लहानसा विजेचा दिवा लावून ठेवीत. ह्या युक्तींत तथ्य होतें: २७ अंशांची व शेंकडा ९० आर्द्रतेची हवा चारच अंश तापली, तर आर्द्रता ७१-७२ पर्यंत येते, पाणी तेवढेंच, जागा मोठी झाली. हल्लींचे एलईडी दिवे तापत नाहींत, आणि जुना तापणारा दिवा कपड्यांजवळ म्हणजे आगीची भीति. ह्याच तत्त्वावरचीं तयार कपाटें मिळतात, तीं बरीं.

हस्तलिखित पोथ्यांविषयीं दोन शब्द अधिक. जुने लेखक पोथी संपतांना तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून तिला जपण्याची विनंति करून ठेवीत. सैल बांधणीचा उल्लेख सहज केलेला नाहीं. दोन फळ्यांमध्यें घट्ट आवळून कापडांत गुंडाळलेल्या पोथींत दमट हवा फार सावकाश शिरते. सैल पोथीचें प्रत्येक पान तिला उघडें असतें. काजळ आणि डिंक ह्यांची शाई पाण्यानें सुटते, म्हणून ओलीनें पानें एकमेकांस चिकटतात. चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत आणि उन्हांतहि घालूं नयेत. सावलींत, मंद पंख्याखालीं वाळूं द्यावीं, मध्यें टिपकागद सरकवावा. बुरशी ओली असतांना पुसली तर ती तंतूंत मुरते. ती आधीं वाळूं द्यावी आणि मग घराबाहेर, नाकातोंडावर फडकें बांधून, मऊ कुंचल्यानें झाडावी. दम्याच्या माणसानें हें काम करूं नये. जरीच्या साड्या धुतलेल्या जुन्या मलमलींत गुंडाळाव्यात आणि दरवर्षीं घडी मोडून दुसरी घालावी.

दारांची तक्रार घेऊन श्रावणांत सुतारास बोलावणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. तो बिचारा रंधा मारून देतो, दार लागूं लागतें, आणि फाल्गुनांत त्याच दाराच्या फटींतून उंदीर येतो. लांकूड आडव्या अंगानें फुगतें व पुन्हां आंखडतें. फुगलेलें दार तासणें म्हणजे जेवल्यावर पोटाचें माप घेऊन सदरा शिवण्यासारखें आहे. उन्हाळ्यांत दाराच्या सहाहि बाजूंस, विशेषतः वरच्या व खालच्या कडेस, तेलरंगाचा हात दिला, तर फुगवटा पुष्कळ कमी होतो. आणि नेमक्या ह्याच दोन कडा रंगारी नेहमीं विसरतो.

विदर्भांतील वाचकांस हें सगळें दूरचें वाटेल. नागपूरच्या मे महिन्यांत कोरड्या झळांपुढें वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हें वरदान आहे, आणि घरांत थोडी आर्द्रता वाढते ती सुखाचीच असते. परंतु पहिला पाऊस पडून हवा दमट झाल्यावरहि संवयीनें तोच कूलर महिनाभर चालूं ठेवतात. त्या हवेंत पाणी उडत नाहीं, गारवा येत नाहीं. घरांत नुसती ओल भरते. पावसाबरोबर कूलरचें पाणी तोडावें आणि त्याचा नुसता पंखा ठेवावा.

आश्विनाचें ऊन पडलें, म्हणजे गाद्या, उशा, रजया व कोठीचे डबे बाहेर निघतातच. त्याच दिवसांत पुस्तकांचीं कपाटें भिंतीपासून ओढून मागची बाजू पाहावी, कारण वाळवीस ओलें लांकूड फार प्रिय. आणि आणखी एक काम भाद्रपदांतच करून ठेवावें: भिंतीवर ओल जेथपर्यंत चढली असेल, त्या रेघेवर पेन्सिलीनें खूण करून शेजारीं तारीख लिहावी. फाल्गुनांत पुन्हां पाहावें. ओल खुणेच्या बरीच खालीं उतरून भिंत हातास कोरडी लागली, तर खुशाल रंगाऱ्यास बोलवावें. ती खुणेपाशींच असेल, तर आधीं गवंड्यास.